नाटक रद्द, पुढचा अंक कान्हेरीला

काकूंनी "तुला म्हणून सांगते" म्हटलं की मी गॅस बारीक करते. पाच मिनिटांचं काम नसतं ते.

आमच्या आणि त्यांच्या सोसायटीच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे. तिच्यावर काचा बसवायच्या, असं दोन्हीकडच्या कमिट्यांनी कितीदा तरी ठरवलं आणि दोन्हीकडच्या बायकांनी दर वेळी ते हाणून पाडलं. कढीपत्ता तिकडून येतो, लिंबं इकडून जातात, आणि बातम्यांना तर दिशाच नाही. जागा बोरिवली पूर्व. नॅशनल पार्कच्या गेटला रिक्षावाला यायला नाही म्हणतो, इतकं ते जवळ.

"तुमच्याकडे सध्या चाललंय काय, काकू?" मी विचारलं. "दुपार झाली की ठोकाठोक. काल तुमच्या नोटीस बोर्डावर कसल्यातरी काटक्या-गोट्या काढलेल्या दिसल्या. आणि तुम्ही परवा जिन्यात बसून काय खरडत होतात?"

"सगळं त्या नाटकापायी," काकू म्हणाल्या. "म्हणजे न झालेल्या नाटकापायी."

मग भिंतीवर कोपर टेकलं आणि कथा सुरू झाली.

जानेवारीतला रविवार. सकाळचा साडेअकराचा प्रयोग. त्यांच्याकडच्या चौघी निघाल्या होत्या: काकू, दुसऱ्या मजल्यावरची सूनबाई, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आणि शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. बाईंच्या नणंदेला ताप आला म्हणून पाचवं तिकीट उरलं, ते समोरच्या अण्णांना दिलं. अण्णा बँकेतून निवृत्त, एकटे, आणि कुणी बोलावलं तर 'बघतो' म्हणून सर्वांत आधी गेटवर येऊन उभे राहणारे.

"नाट्यगृहावर पोचलो तर दाराला कागद. मुख्य कलाकाराची तब्येत बिघडल्यामुळे प्रयोग रद्द. आता बघ, आम्ही चौघी सिल्कच्या साड्यांत. गजरे. सूनबाईने तर हिल्स घातलेल्या. पैसे परत मिळाले, तक्रार नाही. पण घरी जायचं कुणाच्या पायात येईना."

"का?"

"अगं, घरी कुकर लावलेला नव्हता! पुरुषांना सांगितलेलं, दोन वाजेपर्यंत आम्ही नाही, काय ते मागवून खा. मुलांची सोय केलेली. इतक्या मिनतवारीने मंजूर झालेली रजा, ती काय परत करायची असते? बाई म्हणाल्या, चहा पिऊ. वहिनी म्हणाल्या, मॉलमध्ये बसू. आणि अण्णा, जे वर्षात दोन वाक्यं बोलतात, ते म्हणाले, 'मी बोरिवलीत चाळीस वर्षं राहतोय, कान्हेरी पाहिलेली नाही.'"

हे मात्र अगदी खरं. आमच्या भागात कान्हेरी ही पाहुण्यांना दाखवायची गोष्ट. नागपूरचे मेहुणे आले की आपण जातो, नाहीतर शाळेच्या सहलीला गेलेलो असतो, ते बसमध्ये उलटी झाल्याचं तेवढं लक्षात असतं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल दाराशी आहे आणि आपला त्याच्याशी संबंध काय, तर बिबट्या कुणाच्या पार्किंगमध्ये दिसला त्याचा व्हिडिओ पुढे ढकलणं.

"ठरवून निघालो असतो तर कधीच गेलो नसतो," काकू म्हणाल्या. "ग्रुपवर तारीख टाकली असती, मग एकीला संकष्टी, एकीकडे प्लंबर. शेवटी सोमवार ठरला असता, आणि सोमवारी पार्क बंद."

तर ही वरात दोन रिक्षांतून पश्चिमेकडून पूर्वेला, पार्काच्या गेटवर. सिल्कच्या साड्या बघून तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं म्हणे, आत लग्न आहे का. झुकझुकगाडीची चौकशी झाली. 'वनराणी'त बसायचं हे प्रत्येकीचं लहानपणचं स्वप्न, पण मे २०२१ च्या तौक्ते वादळाने तिच्या रुळांची वाट लावली आणि ती बरीच वर्षं बंदच राहिली. त्यामुळे सगळी गाडीची माया बसवर काढली. गेटपासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर. खिडकीतून पानगळीला लागलेलं जंगल, मधूनच निष्पर्ण काटेसावर, अंगावर नुसती लाल फुलं. वहिनींनी तिथेच पहिला बाण सोडला: "तो बघा हळद्या!" बाकीच्यांना हळद्या दिसला नाही. वहिनींनाही दुसऱ्यांदा दिसला नाही. पण बी तिथे पडलं. ते नंतर सांगते.

वर पुन्हा वेगळं तिकीट, ते पुरातत्त्व खात्याचं. पायऱ्यांवर पाड्यावरच्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या. काकडी, पेरू, आवळे, बोरं. काकडी उभी चिरून तिखटमीठ भरून हातात देतात, तिच्यापुढे नाटकाच्या मध्यंतरातला बटाटेवडा फिका पडला, ही काकूंची साक्ष आहे. "आणि तेवढ्यात माकड आलं. मला वाटलं काकडी नेणार. त्याने काकडीकडे बघितलंसुद्धा नाही. मागून आलं आणि बाईंचा गजरा उपसला! समोरच्या कातळावर बसून एकेक कळी खाल्ली. बाई छत्तीस वर्षं शिकवत होत्या, वर्गात कुणाची मान वर करायची छाती नव्हती. 'ठेव तो खाली,' म्हणून ओरडल्या. माकडाने खाल्ला पुरा."

मी हसत होते. काकू हसत नव्हत्या. खरी गोष्ट पुढेच होती.

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनाच्या आगेमागे कोरायला सुरुवात झाली आणि दहाव्या शतकापर्यंत तिथे राबता होता. एवढं फलकावर असतं, आणि फलक वाचून माणसं पुढे जातात. आमच्या मंडळींनी मात्र ते सगळं सोसायटीच्या नजरेने पाहिलं. तिसऱ्या क्रमांकाचं लेणं म्हणजे मोठं चैत्यगृह. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सात-सात मीटरचे उभे बुद्ध, ते बघून सूनबाई गप्प झाली, आणि ती गप्प होणं ही काही रोजची घटना नव्हे. आत चौतीस खांब. त्यांतले काहीच नक्षीचे, उरलेले नुसते अष्टकोनी, सपाट.

"मी लगेच म्हटलं, पैसे संपले!" काकू म्हणाल्या. "आपल्या बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट असतो ना, तसं. पुढे दिसेल तेवढं चकचकीत. अण्णा म्हणाले, तसंही असेल. मग ते दारापाशी गेले. तिथे भिंतीवर अक्षरं आहेत बघ, ओळीच्या ओळी. तिथे उभे राहिले ते राहिलेच."

तो लेख ब्राह्मीतला. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळातला, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांनी हे काम करवलं, अशी त्यात नोंद आहे. अण्णांना त्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या एका मुलीने सांगितलं, ती मैत्रिणींना दाखवत होती.

"दोन सख्खे भाऊ," काकू म्हणाल्या, "एकत्र बांधकाम काढतात, पार पाडतात आणि दगडावर दोघांचं नाव येतं. मी अण्णांकडे बघितलंच नाही." अण्णांच्या धाकट्या भावाशी घरावरून वीस वर्षं बोलणं नाही, हे भिंतीच्या दोन्ही बाजूंना माहीत आहे. मीही त्यावर काही बोलले नाही. काही बातम्या काकू नुसत्या टेकवून ठेवतात.

पण बायकांचा जीव खरा अडकला तो पाण्यात. कान्हेरीत लेण्यालेण्याला दगडात खोदलेलं टाकं आहे. वर कातळावर पन्हळी कोरल्यात, पावसाचं पाणी त्यातून उतरत टाक्यात येतं. प्राकृतात त्याला 'पोढी' म्हणत. आम्हां मुंबईकरांना विहार तलावाचं नळाचं पाणी १८६० साली मिळालं, तो तलाव याच जंगलात, आणि ही मंडळी त्याआधी सतराशे वर्षं त्याच डोंगरावर स्वतःचं पाणी साठवून होती. तिथे बाहेर बसायला ओटा, आत झोपायला ओटा, दारात पाणी. वहिनींनी मुक्काम ठोकायची तयारी दाखवली.

"आणि ऐक," काकू भिंतीवरून आणखी पुढे वाकल्या, "एक टाकं कल्याणच्या सोनाराने दिलेलं आहे. सोनाराने! कोरलंय तिथे तसं. म्हणजे राजेरजवाडेच देत होते असं नाही. कल्याण, सोपारा, चौल, कुठकुठली माणसं. कुणी खोली दिली, कुणी पाणी दिलं, कुणी नुसतं बाकडं."

"आपल्या देवळात पंख्यावर नाव असतं तसं," मी म्हटलं.

"पण हे अठराशे वर्षं टिकलं. पंखा कधीच जळाला असता."

नव्वद नंबरच्या लेण्यात पहलवीतले लेख आहेत. सन १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये काही पारशी मंडळी इथे आली, आणि आपली नावं, बापाची नावं, तारीख, सगळं भिंतीवर लिहून गेली. विद्वानांना त्याचं मोल मोठं आहे. काकूंना ती सरळसरळ सहल वाटते. "तेसुद्धा असेच निघाले असणार. काहीतरी रद्द झालं असणार." आज कुणी तिथे नाव कोरलं तर पोलीस धरतील आणि धरावंच, पण हजार वर्षं जुनं झालं की त्याच आगाऊपणाला अभिलेख म्हणतात, हे मला गमतीचं वाटतं.

साडेचारला मंडळी परत आली. साड्यांच्या काठांना धूळ, सूनबाई अनवाणी, हिल्स हातात. पुरुषांनी दोनदा पिझ्झा मागवला होता. प्रकरण इथे संपायला हवं होतं.

"नाही संपलं," काकू म्हणाल्या. "सगळ्यांना काहीतरी लागून आलं."

आधी सूनबाई. तिची ठकठक माझ्या दुपारच्या झोपेच्या मुळावर आली होती, त्यामुळे मी कान टवकारले. मुलगी आयटीत आहे, घरून काम करते, बारा तास पडद्यावर डोळे. उतरताना तिने वाटेवरचं सागाचं कोवळं पान हातात चुरगाळलं आणि तळवा लालभडक झाला. हा खेळ आपण गावाला सगळेच खेळलोय. ती कांदिवलीत वाढली, तिने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. बाईंनी तिथेच झापलं: राष्ट्रीय उद्यानातलं पानसुद्धा तोडायचं नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. हात लाल राहिला दोन दिवस. त्या लाल हाताने ती मीटिंगा करत होती आणि डोक्यात किडा वळवळत होता.

आता कापडावर पानांचे ठसे घेते. पार्कातलं काही नाही, सोसायटीतलंच. आपल्याकडच्या देशी बदामाची पानं याच दिवसांत लाल होऊन गळतात, ती सकाळी झाडूवालीच्या आधी जाऊन वेचते. जुनी सुती ओढणी रात्रभर तुरटीच्या पाण्यात भिजवायची, सुकवायची, पाटावर पसरायची. पान त्यावर पालथं, म्हणजे शिरांची बाजू कापडाला. वरून कागद. आणि मग हातोडीने हलक्या हाताने ठोकायचं, आधी कडा, मग मधली शीर, मग आतलं सगळं. पहिल्यांदा वरून वर्तमानपत्र घातलं तर पानासोबत शेअर बाजाराचे भाव उमटले. आता कोरा कागद घालते. जोरात मारलं तर पानाचा चोथा होतो, हळू मारलं तर शिरा येत नाहीत. मनगटाला ते कळायला वेळ लागतो. कागद उचलला की पान तिथे असतं, अगदी किडीने पाडलेल्या भोकासकट.

"भोक पडलेलं पान ती मुद्दाम निवडते," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, धड बघून घे की. म्हणाली, धड पानं सगळी सारखीच दिसतात."

रंग मात्र धुतल्यावर फिका पडे. यावर तोडगा काकूंचा. सूनबाईने कुठेतरी वाचलं, गंजके खिळे व्हिनेगरमध्ये टाकायचे आणि त्या पाण्यात कापड बुडवायचं, म्हणजे ठसा काळपट आणि पक्का होतो. तिला ते जादूटोण्यासारखं वाटलं. काकूंनी एका वाक्यात सोडवलं. "अगं, आवळकाठी लोखंडाच्या कढईत रात्रभर भिजवून आम्ही केस काळे केले, ते काय होतं मग? आवळ्यातला तुरटपणा आणि लोखंड. बदामाच्या पानातही तोच तुरटपणा." दुसऱ्या दिवशी दोघींनी पंपरूममधले जुने खिळे शोधले. ओढणी निघाली ती राखाडी-काळ्या पानांची. सूनबाईने ती मीटिंगमध्ये घेतली, तर तिकडून कुणीतरी विचारलं, कुठून घेतली, केवढ्याला. इतके दिवस लोक फक्त 'तुमचा आवाज येत नाही' एवढंच बोलत.

"विकणार का?"

"तेच सगळे विचारतात! आपल्याकडे कुणी काही हाताने केलं की दुसरा प्रश्न हाच. पहिला असतो, क्लास कुठे लावला. ती म्हणाली, विकायला लागले की ऑर्डरी, ऑर्डरी आल्या की डेडलाइन, डेडलाइन तर माझ्याकडे आहेतच. मला पटलं."

मलाही पटलं. छंदाला लगेच जीएसटी नंबर घ्यायला लावणारी आपली खोड नवी नाही, फक्त पूर्वी 'शिवणाचे चार पैसे सुटतील' म्हणायचे. माझी आई सुंदर क्रोशा करायची, तिला प्रत्येकाने दुकान काढायला सांगितलं आणि एकानेही जवळ बसून टाका बघितला नाही.

ठोकण्याच्या आवाजाची तक्रार व्हायची ती झालीच. ग्रुपवर पहिल्या मजल्यावरून संदेश आला, 'कुणाकडे इंटिरियरचं काम चालू आहे का? परवानगी घेतली आहे का?' आता दोन ते तीन विश्रांती, तीननंतर ठोका, असा तह झालाय. पाटाखाली घडी घातलेली सतरंजी घालायची, हेही तहात आहे.

वहिनींचं थोडक्यात. त्यांना तो हळद्या पुन्हा दिसायलाच हवाय. रोज पहाटे गच्चीवर. हळद्या काही येत नाही, पण त्या नादात तांबट, शिंपी, दयाळ, भारद्वाज सगळे भेटले. वहिनी लहानपणी तबला शिकलेल्या, मग लग्न, मग तबला माळ्यावर. तर आता वहीत पक्ष्यांचे बोल मात्रांत लिहितात. तांबटाचा 'टुक' किती लयीत, मध्ये किती मात्रा रिकाम्या, दुगुनीत कधी जातो. दयाळापुढे मात्र हात टेकले, तो रोज नवं गातो. परवा माळ्यावरून तबला खाली आला, शाई उडालेली, वाद्या सैल. दुरुस्तीला दादरला नेणार आहेत. तिसऱ्या मजल्याच्या खालचे लोक आत्तापासून धास्तावलेत.

बाईंना काही लागलं नाही. त्या फक्त माकडाची गोष्ट सांगतात, दर वेळी वेगळी. आता त्यात माकडं तीन झाली आहेत.

"आणि तुम्ही, काकू? जिन्यात काय चाललं होतं?"

काकू पहिल्यांदा घुटमळल्या. इकडेतिकडे बघितलं आणि ब्लाउजमधून नव्हे, पिठाच्या पिशवीतून एक वही काढली. नातीची रेघी वही, मागच्या पानांवर पेन्सिलीची चित्रं.

मला माहीतच नव्हतं. आठ वर्षं मी या बाईंकडून कढीपत्ता घेतेय आणि त्या इंटरमीजिएट पास आहेत हे मला माहीत नव्हतं. एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट, 'बी' ग्रेड. शाळेतली ती सरकारी चित्रकला परीक्षा, ज्यातलं स्थिरचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन आणि स्मरणचित्र यांची नावं घेतली की एका पिढीच्या पोटात अजून गोळा येतो. पुढे जे. जे.ला जायचं मनात होतं. वडील म्हणाले, आधी टायपिंग.

"स्मरणचित्रात माझी एक युक्ती होती," काकू म्हणाल्या. "विषय कुठलाही असो, भाजीमंडई असो, बसस्टॉप असो, मी सगळी माणसं पाठमोरी काढायची. तोंड जमायचं नाही ना. बसस्टॉपवर सगळे पाठमोरे कसे, म्हणून परीक्षकाला प्रश्न पडला असेल. म्हणून 'बी'."

वहीत काकडीवाली होती. पाठमोरी. अंबाड्यात खोवलेला कंगवा, खांद्यावरून घसरलेला पदर, आणि कोपराचा कोन असा, की हातात सुरी आहे आणि ती काकडी चिरतेय हे न दाखवता कळावं. पुढच्या पानावर पायऱ्या, त्या पुन्हापुन्हा खोडलेल्या. तिसऱ्यावर माकड, तोंडासकट. त्याच्या हातात गजरा.

"माकडाचं तोंड जमलं की!"

"माकडाचं जमतं," काकू म्हणाल्या. "त्याला कुणी ओळखत नाही."

रंगही आणलेत. दुकानात जाऊन कॅमलच्या जलरंगांची पेटी मागितली, ती तीच असते अजून. दांडेकरांनी १९३१ साली शाईच्या पुडीपासून धंदा सुरू केला, पुढे अंधेरीला कारखाना झाला, आणि महाराष्ट्रातल्या पोरांच्या गणवेशावर पडलेले निम्मे डाग त्यांच्याच मालाचे असतील. आता त्यात जपानी कंपनी आहे, पण ट्यूबचं बूच तसंच चिकटतं. काकूंची सध्याची डोकेदुखी म्हणजे कातळाचा रंग. आपण म्हणतो काळा दगड. कान्हेरी नावाच्या मुळाशीही तो काळा डोंगरच आहे, कृष्णगिरी. पण काळा रंग लावला की कातळ डांबरी दिसतो. काकूंनी दोन रविवार पुन्हा जाऊन नुसता दगड बघितला. सकाळी जांभळट, पाणी ओघळतं तिथे हिरवट, ऊन चढलं की तांबूस. "काळा कुठेच नाही गं. मी काळी ट्यूब नातीला देऊन टाकली."

मी वही उलटत होते, तर मध्येच एका पानावर वेगळंच काही. अधिकचं चिन्ह, पोकळ गोल, गोलात टिंब, चौकोन.

"हे अण्णांचं," काकू म्हणाल्या आणि आवाज खाली आणला. म्हणजे मुख्य बातमी आता.

अण्णा दुसऱ्या दिवसापासून ब्राह्मीच्या मागे लागले. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ती लिपी उलगडली, अण्णा जवळजवळ दोनशे वर्षं उशिराने, पण त्याच निष्ठेने. शोभना गोखल्यांचं कान्हेरीच्या शिलालेखांवरचं पुस्तक आहे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९९१ साली काढलेलं. ते त्यांनी कुणाकडून तरी मिळवलं, आणि लेजर लिहावं तशा ताळेबंदाने तक्ते केले. क म्हणजे अधिकचं चिन्ह. ठ म्हणजे गोल, थ म्हणजे गोलात टिंब. ब सरळ चौकोन. र उभी रेघ. काना म्हणजे अक्षराच्या डोक्यावर उजवीकडे बारीक आडवी रेघ, तीच डावीकडे काढली की मात्रा. इतकं सोपं आहे की काकूंची सात वर्षांची नात आठवड्यात शिकली, आणि आता वर्गात चिठ्ठ्या ब्राह्मीत जातात. शाळेतून बोलावणं आलं होतं. शिक्षिकेला चिठ्ठी सापडली, पण वाचता येईना, त्यामुळे गुन्हा सिद्ध झाला नाही.

"आणि नोटीस बोर्ड?"

"टाकी साफ करायची होती, म्हणून अण्णांनी 'उद्या पाणी नाही' असं मराठीत लिहिलं आणि खाली ब्राह्मीत. सेक्रेटरी भडकले. तू त्यांना ओळखतेसच, मिनिट्समध्ये स्वल्पविराम राहिला तरी मीटिंग परत घेतील. म्हणाले, बोर्ड सोसायटीच्या कामकाजासाठी आहे, खाजगी चाळे चालणार नाहीत. अण्णा म्हणाले, ही नोटीसच आहे, पाण्याची, कान्हेरीतही पाण्याच्याच नोटिसा आहेत. सेक्रेटरी म्हणाले, पुढच्या जनरल बॉडीत विषय घेतो. झालं. अण्णांनी लिहायचं काही थांबवलं नाही, आणि सेक्रेटरींनी फाडलंही नाही. मला तेव्हाच शंका आली. फाडत का नाही हा माणूस?"

"मग?"

"परवा रात्री कचरा ठेवायला गेले, साडेदहा वाजले असतील. बोर्डापाशी कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावून उभं. मी म्हटलं, चोर. तर सेक्रेटरी! हातात अण्णांचा तक्ता, झेरॉक्स काढलेला. बोट ठेवून एकेक अक्षर लावतायत, ओठ हलतायत, बालवाडीतल्या पोरासारखे. मला बघितल्यावर टॉर्च बंद केला."

"तुम्ही काय केलंत?"

"कचरा ठेवला आणि आले. पण सकाळी बघते तर अण्णांच्या नोटिशीखाली दुसरी ओळ. ब्राह्मीत. नातीला घेऊन गेले आणि वाचून घेतली. लिहिलं होतं, 'पेणी कधी येईल'. काना डावीकडे पडला ना, त्यामुळे पाण्याचं पेणी झालं. दुपारी अण्णांनी लाल पेनने काना उजवीकडे करून ठेवला, आणि खाली उत्तर, 'चार वाजता'. सही नाही, नाव नाही. दोघं जिन्यात भेटले तर अजून एकमेकांकडे बघत नाहीत. पण काल सेक्रेटरींच्या बायकोने मला विचारलं, ते पुस्तक अण्णा किती दिवसांसाठी देतात म्हणून."

"आणि जनरल बॉडी?"

"विषय काढून टाकलाय अजेंड्यावरून. सेक्रेटरी स्वतः सांगायला आले होते. म्हणाले, कुणाला बोलू नका." काकूंनी वही पिठाच्या पिशवीत सरकवली. "म्हणून फक्त तुलाच सांगतेय."